पवनेचं पाणी जातं कुठं?



समुद्र वाचवायचा म्हटलं की आमच्या थेरगावच्या गटातल्या बायका हसतात. "ताई, इथं कुठला समुद्र? आपण फार तर अलिबागला सहलीला जाणार!" त्यांचं म्हणणं रास्तच आहे. म्हणून आज आधी पवनेबरोबर जाऊ.

पवना मावळात, सह्याद्रीत उगवते. तिथून अरबी समुद्र जवळ, पण ही त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. थेरगावात केजुदेवीचा बंधारा ओलांडते, दापोडीला मुळेला मिळते. मुळेला पुण्यात मुठा भेटते आणि दोघी मिळून भीमेत जातात. भीमा उजनी धरणातून पंढरपूरला पोचते, तिथं आपण तिला चंद्रभागा म्हणतो. पुढं रायचूरजवळ ती कृष्णेत जाते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागरात. घरांचं, कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध न होता नदीत सुटलं, की बंधाऱ्यावर पांढरा फेस चढतो. फेस विरतो, पण त्यातली घाण पाण्याबरोबर पुढं जाते. वाटेत कितीतरी गावं तेच पाणी शेताला घेतात. वारकरी त्याच नदीत स्नान करतात. उरलेलं समुद्राला.

आता समुद्र आपल्याला काय देतो? पहिलं म्हणजे पाऊस. जूनमध्ये येणारे ढग अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन येतात. आपली विहीर, बोअर, पेरणी सगळं त्यावर. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती बनवतात. शिवाय धुरामुळं हवेत जी जादा उष्णता साठते, तिच्यातली शंभरातली नव्वद टक्के समुद्र पोटात घेतो.

पण त्यानं तोही तापतोय. आपल्या शेजारी पाषाणला हवामानावर संशोधन करणारी मोठी सरकारी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ चा पाऊस तपासला. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्यात, आणि त्याचं एक कारण तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे, असं त्यांना दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे आधी नुसती वाट बघायची आणि मग एका दिवसात बांध फुटायचे. हे तुम्ही शेतात बघताच, मी वेगळं काय सांगू!

दुसरं, ताटातलं. आठवडी बाजारातली सुकट, बोंबील म्हणजे गरिबाघरचं सकस खाणं. कोळंबी, खेकडे आणि कितीतरी माशांची पिल्लं खाडीतल्या कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या मुळांत वाढतात. तिथं प्लास्टिक अडकलं, झाडं तुटली की पिल्लं जगत नाहीत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून हे कांदळवन दाखवतात. झाडं राखली म्हणून त्यांना रोजगार मिळाला. गटाची सहल काढायचीच असेल, तर तिकडं काढा.

आपल्याकडून काय होईल? तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. शाम्पूच्या पुड्या, पॅड ओढ्यात नकोत. पावडर चिमटीनं कमी टाकली तरी कपडे निघतात. पण खरं काम घराबाहेरचं आहे. पुढच्या बैठकीत गावचं सांडपाणी कोणत्या ओढ्याला आणि तो ओढा कोणत्या नदीला जातो, हे कागदावर काढा. मग शोषखड्ड्यांची मागणी गटाच्या नावानं ग्रामसभेत लेखी द्या. अर्जाची पोच मात्र तिथल्या तिथं घ्या.