प्रवाळाला प्रकाश किती हवा?

समुद्र जेथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे, अशा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगत, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर वाढत गेलेल्या वस्तीतल्या एखाद्या गृहस्थाला आपल्या दिवाणखान्यात सहा फुटी टाकी मांडून तीत खाऱ्या पाण्यातले प्रवाळ वाढवावे असे वाटले, तर त्याची बहुतेक सामग्री त्याला पैसे मोजून मिळवता येते. मीठ बंद डब्यातून येते, पाणी आर.ओ. यंत्रातून मिळते, लाटांचे काम पंप करतात. प्रकाशाचा प्रश्न मात्र नुसत्या खरेदीने सुटत नाही. कारण तो किती, कोणत्या रंगाचा आणि किती वेळ द्यावा याचा निर्णय त्या गृहस्थालाच करावा लागतो, आणि तो चुकला तर बाकीची सारी तरतूद व्यर्थ जाते.

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. तथापि त्याच्या पेशींत आश्रयाला राहिलेले सूक्ष्म, एकपेशीय शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न निर्माण करते आणि त्यातला मोठा हिस्सा आपल्या यजमानाला देते. त्यामुळे टाकीवर टांगलेला दिवा ही शोभेची वस्तू नसून प्रवाळाच्या उदरनिर्वाहाचे मुख्य साधन आहे. मात्र प्रकाश कमी पडला तर जसा घात होतो, तसाच तो अति झाल्यानेही होतो. आणि त्यात पाणी तापलेले असेल तर शैवालाचे कार्य बिघडून प्रवाळ त्याला शरीराबाहेर टाकतो व पांढराफटक पडतो. १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात प्रवाळांचे जे विस्तीर्ण विरंजन झाले, त्याच्या मुळाशी असाधारण तापलेले पाणी आणि वरून पडणारे प्रखर ऊन यांचाच संयोग होता.

प्रकाशाची पारख करताना आपल्या डोळ्यांवर विसंबता येत नाही, हे प्रथमच सांगून ठेवले पाहिजे. मानवी दृष्टी दिवसाउजेडी ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असते. समुद्राचे पाणी मात्र तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊ देते, म्हणून प्रवाळातील शैवालाची रंगद्रव्ये निळ्या प्रकाशाचा उत्तम उपयोग करणारी आहेत. साहजिकच दुकानात जो दिवा डोळे दिपवतो तो प्रवाळाच्या दृष्टीने दरिद्री असू शकतो, आणि जो निळसर, मंद भासतो तो त्याला भरपेट अन्न मिळवून देत असतो. लक्स मोजणारे यंत्र मानवी डोळ्याच्याच हिशेबाने चालत असल्यामुळे तेही येथे निरुपयोगी ठरते. येथे जे मोजायचे त्याला 'पार' म्हणतात: ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशाचे किती कण दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर पडतात त्याचे मायक्रोमोलमधील माप. उष्ण कटिबंधातील निरभ्र मध्यान्ही समुद्राच्या पृष्ठावर हा आकडा दोन हजारांच्या घरात असतो. हौशी लोक पारमापक सामाईक विकत घेऊन आळीपाळीने वापरतात, हा शिरस्ता अनुकरणीय आहे; फक्त काही जुनी यंत्रे निळा प्रकाश प्रत्यक्षाहून कमी दाखवतात, याचे भान ठेवावे.

आता ज्या मुद्द्यावर परदेशी पुस्तके आपल्या काहीच उपयोगाची नाहीत, त्याकडे वळतो. त्या पुस्तकांतील प्रकाशाची कोष्टके बहुधा खडक रचणारी, कठीण सांगाड्याची प्रवाळे डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. त्यांतील उथळ पाण्यातल्या जातींना दोनशे ते साडेतीनशे पार लागतो, आणि तेवढ्यासाठीच ते प्रचंड दिवे निर्माण झाले. पण आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्क्लेरॅक्टिनिया गणातील सर्व खडकबांधणी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी खडकबांधणी प्रवाळांचे संरक्षण कायम राहिले. वाघाला जे संरक्षण तेच या प्रवाळांना, आणि गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. हा कायदा जाचक आहे अशी तक्रार काही शौकीन करतात. मला तो सर्वस्वी न्याय्य वाटतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला तो ज्या जीवांच्या रक्षणार्थ, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेस भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेवर जे जीव शतकानुशतके वाढत आले, त्यांचे तुकडे दिवाणखान्यात आणण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

राहिले ते मश्रूम, झोअँथिड, लेदर आणि झेनिया या नावांनी ओळखले जाणारे, कठीण सांगाडा नसलेले जीव. ही नावे त्या यादीत नाहीत, आणि यांचे पोट थोडक्यात भरते. पन्नास ते दीडशे पार एवढा प्रकाश त्यांना पुरतो; वाळूजवळच्या सावलीत मश्रूम, मधल्या खडकांवर झोअँथिड आणि वरच्या टप्प्यावर लेदर अशी मांडणी केली म्हणजे एकाच दिव्याखाली सर्वांची सोय लागते. म्हणजे कायद्याने प्राणी ठरवला, प्राण्याने प्रकाश ठरवला, आणि तो प्रकाश मध्यम आहे.

हे जीव आपली तक्रार शरीरानेच मांडतात, ती वाचायला मात्र शिकले पाहिजे. प्रकाश अपुरा असला की झोअँथिडचे देठ दिव्याच्या दिशेने लांबत जातात आणि त्यांची चकती निस्तेज होते. मश्रूम एरवीपेक्षा अधिक पसरून, पातळ होऊन, मिळेल तो कण गोळा करू पाहते. उलट प्रकाश जाचू लागला की तेच मश्रूम कडा आत वळवून आकसते आणि त्याचा रंग दिवसागणिक विटत जातो. रोज ठरावीक वेळी टाकीसमोर पाच मिनिटे बसून हे पाहणारा मनुष्य आणि पारमापक यांची साक्ष सहसा एकच निघते. झोअँथिड हाताळताना हातमोजे मात्र अवश्य घालावेत, कारण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते.

दिव्यांचे तीन प्रकार. मेटल हॅलाइडचा प्रकाश पाण्यात सूर्यासारखे हलते कवडसे पाडतो आणि त्याचे सौंदर्य निर्विवाद आहे, पण तो भट्टीसारखा तापतो. टी-५ नळ्या सावल्या न पाडता एकसारखा उजेड पसरवतात. त्यांचा दोष हा की, त्या पेटत्या दिसल्या तरी नऊ ते बारा महिन्यांत त्यांचे तेज व रंग उतरतो आणि सर्व नळ्या बदलाव्या लागतात. एलईडीला खरी पात्रता आली ती निळा एलईडी साध्य झाल्यावर. अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि घरगुती प्रवाळपालनाला त्या शोधाइतका लाभ क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. ज्याचे निळे व पांढरे विभाग स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात असाच एलईडी घ्यावा. एका दिव्याच्या कक्षेत साधारण दोन फूट लांब व दोन फूट रुंद जागा येते, तेव्हा सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीला एक बलाढ्य दिवा घेण्यापेक्षा तीन मध्यम दिवे घेणे शहाणपणाचे. त्यांपैकी एक बिघडला तरी टाकी अंधारात पडत नाही.

वाळूजच्या उन्हाळ्याचा विचार केला म्हणजे या निवडीस दुजोराच मिळतो. अशा टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी असते, आणि ते पंचवीस ते सत्तावीस अंशांवर राखायचे असताना बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. अडीचशे वॅटचे तीन हॅलाइड नऊ तास पेटवले तर दिवसाला पावणेसात युनिटे जळतात आणि त्यांतली पुष्कळशी उष्णता सरळ पाण्यात उतरते; शंभर वॅटच्या तीन एलईडींचा तोच हिशेब सुमारे पावणेतीन युनिटांचा होतो आणि त्यांची बरीच उष्णता वरच्या पंख्यातून हवेत निघून जाते. येथे मराठवाड्याची कोरडी हवा आपल्या मदतीला येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता तीबरोबर निघून जाते, म्हणजे पृष्ठभागावर पंखे लावून रोज चार लिटर पाणी उडवले की त्या तिन्ही दिव्यांनी दिवसभरात ओतलेली उष्णता भरून निघाली. कोकणातल्या दमट हवेत ही युक्ती इतकी फळत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ती माठासारखी काम करते. तरीही मेच्या दुपारी केवळ पंख्यांवर भागेलच असे नाही, म्हणून चिलरसाठी अंदाजपत्रकात जागा राखावी. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ मागेच राहते. आणि ते आर.ओ.चेच असावे, नाहीतर नळाच्या वा बोअरच्या पाण्यातील क्षार दिव्याखाली शेवाळ माजवतात. पश्चिमेच्या खिडकीतले फुकटचे ऊन वापरावे हा मोह टाळावा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य वाळूजच्या थेट माथ्यावर येतो, आणि त्या उन्हाला आवर घालण्याची कळ आपल्या हाती नसते.

वीज गेली तर दिवा काही तास बंद राहिल्याने प्रवाळ मरत नाही, पाण्याचा प्रवाह थांबल्याने मरतो; सबब इन्व्हर्टरचा पहिला हक्क पंपाचा. दिवे टांगण्याची चौकट करून घेण्यास वाळूजइतकी सोयीची जागा दुसरी नसेल, कारण ॲल्युमिनियमची चौकट जोडून तिच्यावर पावडर कोटिंग करून देणारी वर्कशॉपे येथे हाकेच्या अंतरावर आहेत. पोलादच वापरायचे तर ३०४ ऐवजी ३१६ मागावे. खाऱ्या तुषारांपुढे त्यातील मॉलिब्डेनमच टिकाव धरते. दिवे पाण्यापासून आठ ते बारा इंच उंच असावेत आणि काचेवर जमणारा मिठाचा पांढरा थर दर आठवड्यास ओल्या फडक्याने पुसावा, कारण तो थर प्रकाशाचा वाटा गुपचूप खात असतो.

नवा दिवा पहिल्या दिवशी तीस-चाळीस टक्क्यांवर ठेवून तीनचार आठवड्यांत हळूहळू चढवावा, आणि एकूण प्रकाश आठ ते दहा तासांपलीकडे नेऊ नये. खरेदीस जाल तेव्हा दोन दाखले मागा: दिव्याचा पार टाकीच्या तळाशी किती पडतो त्याचा आकडा, आणि प्रवाळाचे शास्त्रीय नाव पावतीवर लिहून. विक्रेता नाव लिहून देण्यास कचरला, तर तो जीव कितीही सुंदर असला तरी घेऊ नका.