जुन्या मोटारीची मागील चौकट : मजबुती कशी निवडावी?

मोटार जुनी झाली म्हणजे आपण इंजिन तपासून घेतों, टायर पाहतों, रंगहि उजळून घेतों. परंतु मागील बाकाच्या आसपासचा जो पातळ तळपत्रा साऱ्या ओढीचा भार सोसतो, त्याची आठवण क्वचितच कोणास होते. जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कारखान्याची ई-४६ ही मोटार या बाबतींत मोठी बोधप्रद आहे. ती १९९८ सालीं बाजारांत आली व तिची निर्मिति २००६ पर्यंत चालली.

या मोटारीचें डिफरन्शिअल व मागील चाकांचे आधार एका पोलादी चौकटीवर बसविलेले असतात. तिला सबफ्रेम म्हणतात. ही चौकट चार ठिकाणीं, मध्यें रबरी बुश घालून, तळपत्र्यास बोल्टांनीं जखडलेली असते. यांतील एम-३ या जलद गाडीचें इंजिन सुमारें ३६५ न्यूटन-मीटर पीळ देतें. पहिल्या गिअरमध्यें तो सुमारें १५ पटींनीं वाढून मागील चाकांकडे जातो, आणि त्याची प्रतिक्रिया या चार जागांवर येते. वेग वाढवितांना पत्रा एकीकडे ताणला जातो, वेग कमी करतांना दुसरीकडे. तार पुनःपुन्हां वांकविली म्हणजे तुटते. तसेच येथें स्पॉट-वेल्डिंगचे सांधे सुटतात आणि बोल्टांभोवतीं भेगा पडतात.

तेव्हां उपाय निवडतांना पहिला प्रश्न, भेग कोठें व केवढी, हा असावा. चौकट उतरवून, तळाचा लेप खरवडून पाहिल्यावांचून त्याचें उत्तर मिळत नाहीं. भेग आधीं सांधावी, मग वर पट्टी बसवावी. भेग झांकणें म्हणजे ती बरी करणें नव्हे. पट्टी त्याच गाडीसाठीं घडविलेली, सहज वेल्ड होणाऱ्या पोलादाची आणि निरोगी पत्र्यावर दूरवर पसरणारी हवी. केवळ जाड पट्टी चांगली असें नाहीं. तिच्या कडेशीं ताण एकवटून तेथेंच नवी भेग पडूं शकते. गाडी शर्यतीची असेल, तर भार वरच्या बाजूनें सांगाड्याच्या भक्कम तुळयांपर्यंत पोंचविणारे दांडेहि जोडावेत.

बुशांविषयीं तर मोह फार. ॲल्युमिनियमचे बुश हालत नाहींत, म्हणून धक्काहि गिळत नाहींत. तो सरळ पत्र्याकडे जातो. घरच्या गाडीस नवे रबरीच योग्य. पोकळींत इपॉक्सीचा फेस भरावयाचा असल्यास तो वेल्डिंगनंतरच भरावा. आधीं भरल्यास उष्णतेनें जळून विषारी धूर निघतो.

पेट्रोलची टांकी जवळच असते. ती काढल्याशिवाय वेल्डिंग करूं देऊं नये. काम संपल्यावर गंजरोधक रंग व मेण लावून घ्यावें. वेगांत असतांना मागील चौकट हालली, तर मोटार हातांत राहत नाहीं. म्हणून सर्वांत महाग वस्तु नव्हे, तर ताण जेथें आहे तेथून तो दूरवर वांटून देणारी वस्तु निवडावी.