सेक्टर 2 ची जमीन कोणाची, नियोजन कोणाचे?

पुण्या-मुंबईत रिडेव्हलपमेंट म्हटले की सोसायटीची सभा, 51 टक्के संमती, बिल्डर आणि जादा चटईक्षेत्र डोळ्यांपुढे येते. छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर 2 ला हाच हिशेब लावला की गैरसमज सुरू होतात. इथे मुळात सोसायटीच नाही. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने ही वसाहत आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बांधली. जमीन आणि बहुतेक क्वार्टर आजही कारखान्याचे, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचे (सेलचे) आहेत. निवृत्तीनंतर काही काळ राहायला मिळाले तरी त्यातून मालकी येत नाही, आणि मुदत उलटल्यावर 1971 च्या सार्वजनिक जागांच्या कायद्याखाली घर खाली करून घेता येते. 2001 नंतर सेलने काही घरे दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली. अशा लीजधारकांचा हक्क जास्त भक्कम, पण लीज म्हणजे खरेदीखत नव्हे. बिल्डरचा विचार मनात आणण्याआधी लीजपत्रातल्या अटी वाचाव्यात.

‘शहर भरले, आता नियोजन कसले?’ हा समज मला अधिक घातक वाटतो. सुरुवातीला 10 लाख टन क्षमतेचा हा कारखाना 1988 पर्यंत 40 लाख टनांवर गेला आणि पुढे आणखी वाढला. कायम कर्मचारी मात्र एकेकाळच्या संख्येच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरले आहेत. त्यामुळे टाउनशिपमध्ये क्वार्टर रिकामे पडले, कारखान्याच्या कित्येक शाळा बंद झाल्या. उभ्या असलेल्या वास्तूंचे पुढे काय करायचे, हेच भरलेल्या शहराचे खरे नियोजन.

‘मोकळी जागा वाया जाते’ असेही ऐकू येते. क्वार्टरमागचे अंगण, रस्त्याकडेची जुनी झाडे, छठला माणसांनी भरून जाणारा सेक्टर 2 चा तलाव: यातले वाया काय जाते? पाण्याच्या वाहिन्या आणि मलवाहिन्याही याच विरळ वस्तीच्या बेताने टाकलेल्या आहेत. वाहिन्या तशाच ठेवून मजले चढवले तर पहिला ताण नळावर येईल.

नकाशात रंग बदलला की लगेच बुलडोझर येतो, असेही नाही. छत्तीसगडमध्ये विकास योजना 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाखाली होते. आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा प्रसिद्ध होतो, मग मसुदा, आणि त्यावर आक्षेप-सूचना मागवाव्या लागतात. भाडेकरू किंवा लीजधारक असलात तरी आक्षेप नोंदवता येतो. तो लेखी द्यावा, सडक आणि क्वार्टर क्रमांकासह, मुदतीच्या आत, आणि पोच घ्यावी. नगरसेवकाला भेटून काम झाले असे समजू नये: मत महानगरपालिकेला (निगमला) दिले तरी टाउनशिपची वीज आणि पाणी कारखान्याकडून येते, म्हणून आक्षेपाची एक प्रत कारखान्याच्या नगर सेवा विभागालाही द्यावी.