पॅरिसचा ऑगस्ट, करंजाचा जून!

ऑगस्टमध्ये पॅरिसला जायचं प्लॅनिंग करताय? मग एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. ऐन सीझनमध्ये तिथल्या गल्लीतला पाववाला, खाटीक, कोपऱ्यावरचं छोटं रेस्टॉरंट, यांच्या शटरवर चक्क वार्षिक सुट्टीची पाटी दिसू शकते. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना कायद्यानं दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि १९८२ मध्ये ती पाच आठवड्यांवर गेली. साहजिकच, ऑगस्ट आला की पॅरिसकर बॅगा भरून निघतात समुद्राकडे. गल्ल्या सुन्न!

अख्ख्या वस्तीनं एकदम सुट्टी घ्यायची ही गंमत आपल्याकडे बघायचीय? पनवेलच्या पुढे उरण आणि उरणच्या टोकाला करंजा. फक्त इथला हिशेब उलटा. पॅरिसची माणसं सुट्टीत समुद्राकडे जातात, करंजाची समुद्रावरून घरी येतात.

१ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. हा माशांचा विणीचा काळ, शिवाय दर्या खवळलेला. मग बोटी किनाऱ्याला लागतात, त्यांच्यावर ताडपत्र्या चढतात. बाहेरगावचे खलाशी आपापल्या गावी जातात. बर्फ आणि डिझेलसाठी धक्क्यावर चाललेली धावपळ थांबते. एरवी आठवडा-आठवडा घरात न दिसणारा तांडेल ओट्यावर जाळं घेऊन बसलेला दिसतो. मागे द्रोणागिरीचा डोंगर हिरवागार. पोस्टकार्डावर शोभेल असा नजारा!

पण ही सुट्टी भरपगारी नाही, बॉस. बोट बंद म्हणजे आवक बंद. आणि खर्च? तो मात्र नेमका आत्ताच दार ठोठावतो. बोटीची डागडुजी, रंग, नवी जाळी, इंजिनाचं काम, सगळं याच दोन महिन्यांत उरकायचं. त्यात जूनमध्ये शाळा उघडतात. फी, वह्या, गणवेश, रेनकोट. कर्जाचा हप्ता काही बंदी पाळत नाही.

अशा वेळी घर तोलून धरतात कोळणी. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे आता पाटीतून बाजारात येतात. जोडीला खाडीतल्या चिंबोऱ्या आणि निवट्या. पावसाळ्यातली चूल त्यावर चालते.

मग येते नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ वाहायचा, नारळीभात खायचा, बोटी सजवायच्या. बंदी कागदावर ३१ जुलैला संपते, मनातून संपते ती या दिवशी. दर्या शांत झाला की धक्का पुन्हा जागा.

तुम्हाला हे बदललेलं करंजा बघायचं असेल तर आता सोपं आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, पुढे रिक्षा. जुलैतला एखादा रविवार पकडा, येताना कोळणीकडून सुकट घ्या आणि घासाघीस जरा कमी करा. आणि बंदी उठल्यावर ताटात तळहाताएवढंही नसलेलं पापलेट आलं तर ‘नको’ म्हणा. २०२३ मध्ये ज्याला राज्य मासा म्हणून मान मिळाला, त्याला निदान मोठं तर होऊ द्या! नाहीतर करंजानं बिनपगारी काढलेले ते ६१ दिवस पाण्यातच गेले म्हणायचे.