चोपन्नशे रुपयांचा चेहरा

लग्नघरात याद्या होतात तशा आमच्याकडेही झाल्या. वाणसामानाची यादी, मानपानाची यादी, आमंत्रणांची यादी. आणि या सगळ्यांच्या शेवटी आमच्या मुक्ताने स्वतःच्या हाताने केलेली एक चिमुकली यादी. तिच्यात अवघ्या चार ओळी होत्या. तिसरी ओळ अशी : 'फाउंडेशन, १ बाटली, ३० मिलिलिटर, रु. ५,४००'.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मला वाटले, मधला पूर्णविराम विसरली असेल पोरगी.

"मुक्ता, अगं, तीस मिलिलिटर म्हणजे नेमकं किती?"

"सहा चहाचे चमचे, आई."

"म्हणजे चमच्याला नऊशे रुपये!"

सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "सुवर्णभस्म घालतात की काय गं त्यात?"

आता मी काही जुन्या वळणाची कजाग आई नव्हे. मुक्ता स्वतः मिळवते, डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला जाते, नवराही तिने स्वतःच निवडला आहे. तिच्या पैशांनी तिने काही आणले तर मी कोण बोलणार? परंतु लग्नातली खरेदी आमच्याकडून होती, आणि मी तांदूळ घेताना दोन दाणे दाताखाली चावून पाहणारी, साडीचा रंग दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन पाहणारी बाई. तेव्हा मी ठरवले, भांडायचे नाही, पारखून घ्यायचे. खरोखरच त्या पैशांचे असेल, तर आनंदाने घेऊन द्यायचे.

सुदैवाने पारख करणारा माणूस घरातच होता. आमच्या ह्यांची एकतीस वर्षे रंगाच्या कारखान्यात गेली. तीही रंग जुळवण्याच्या खात्यात. मुक्ताने त्या बाटलीवरील घटकांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. यांनी ती वर्तमानपत्रासारखी हात लांब करून वाचली आणि मोठ्याने हसले.

"अगं, हे तर आमचंच कुटुंब! टायटॅनियम डायॉक्साइड म्हणजे पांढरा. आयर्न ऑक्साइड पिवळा, तांबडा आणि काळा. भिंतीच्या रंगात हेच असतात. फक्त चेहऱ्यासाठी ते फार शुद्ध करून घ्यावे लागतात. शिसं, पारा वगैरे जड धातू त्यात राहता कामा नयेत. बाकी पाणी, आणि हे डायमेथिकोन वगैरे म्हणजे सिलिकोन. काहींतला पातळ भाग उडून जातो आणि त्वचेवर एक पातळ पापुद्रा राहतो. त्या पापुद्र्यात रंग अडकून बसतो."

"मग स्वस्तात आणि महागात फरक कसला?"

"दळणाचा," हे म्हणाले. "पीठ जाडंभरडं दळलं तर भाकरी फुटते ना? तसंच. रंगाचे कण किती बारीक, किती सारखे मिसळलेले, आणि तो पापुद्रा किती चिवट, यात खरी किंमत असते. उरलेले पैसे बाटलीचे, जाहिरातीचे आणि दुकानातल्या दिव्यांचे."

या वस्तूचा जन्मही मोठा मजेदार आहे. पूर्वी सिनेनटनट्या तोंडाला तेलकट लेप फासत. रंगीत चित्रपट आले तेव्हा तो लेप दिव्यांच्या झोतात चकाकू लागला. म्हणून हॉलिवुडमधले रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर यांच्या कारखान्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस 'पॅन-केक' नावाची वडी काढली. पाण्यात भिजवलेल्या स्पंजने ती लावायची. नटनट्यांकडून ती घरोघरच्या बायकांकडे गेली. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली, कारण प्रसाधनांपायी परदेशी चलन बाहेर जात होते. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेचे, आणि त्या नायिकेचे नाव मुळात आपल्या लक्ष्मीवरून घेतलेले! १९९८ साली ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. असो.

एका शनिवारी मी आणि मुक्ता मुंबईतल्या एका थंडगार, झगमगीत दुकानात गेलो. तिथली मुलगी फार गोड बोलणारी होती. तिने मुक्ताच्या हाताच्या पाठीवर तीन ठिपके लावले. मुक्ता सावळी आहे; माझ्या माहेरचा रंग तिने घेतला आहे. ठिपक्यांकडे पाहून ती मुलगी म्हणाली, "मावशी, एक-दोन छटा उजळ घेऊ या ना! लग्न आहे, फोटो छान येतील."

मुक्ता काही म्हणण्याच्या आत मी मान डोलावली. "हो, हो, तीच बघू या." मागितल्यावर तिने एका लहानशा डबीत नमुना भरून दिला. (वाचक भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. चांगल्या दुकानांतून असा नमुना पुष्कळदा मिळतो; फक्त मागायची लाज वाटता कामा नये.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताने ते खिडकीपाशी बसून लावले. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि थबकल्या.

"काय गं हे? अंगारा फासलास होय तोंडाला?"

खरेच, चेहरा राखाडी दिसत होता आणि मान मात्र तिची ती, नितळ सावळी. जणू एका मुलीचे डोके दुसरीच्या खांद्यांवर ठेवले होते. हे म्हणाले, "उजळ छटेत पांढरा जास्त घालतात. गडद रंगावर पांढऱ्याचा थर बसला की राखेची झाक येणारच. दुकानातल्या पिवळ्या उजेडात ती दिसत नाही."

मुक्ता उठून तोंड धुऊन आली. टॉवेलमध्ये तोंड लपवून हळूच म्हणाली, "आई, त्या मुलीनं विचारलं तेव्हा 'हो' तू म्हणालीस. मी नाही."

मला काही उत्तर सुचले नाही. त्या क्षणी मला आमची माईताई आठवली.

१९८१ सालची गोष्ट. मी चौदा वर्षांची, माईताई बावीसची. साताऱ्याला आमच्या माजघरात तिला 'दाखवण्यासाठी' तयार करत होते. आमच्या आत्याने आधी स्नो चोळला, वर पावडरीचे दोन थर दिले. वैशाखाचे दिवस. पोह्यांच्या बशा घेऊन ताई बाहेर आली तेव्हा कपाळावरून घामाचे ओघळ सुरू झाले होते आणि त्यांतून खरा रंग वाट काढत होता. मुलाकडच्या एक वयस्कर बाई उठल्या, "घाम आलाय गं पोरीला," असे म्हणून त्यांनी पदराने ताईचा गाल पुसला, आणि पदराकडे पाहून घेतले. कुणी काही बोलले नाही. ते स्थळ अर्थातच जमले नाही. ताईचे पुढे उत्तम झाले. पण त्या दिवसापासून तिने तोंडाला पावडरीचे बोटही लावलेले नाही.

आणि मी, जिने दाराआडून तो पदर पाहिला होता, तीच मी त्या दुकानात मुलीच्या वतीने दोन छटा उजळ मागत होते! साडीचा रंग उन्हात नेऊन पाहणारी मी, पोटच्या पोरीचा रंग मात्र दुकानाच्या दिव्यात ठरवून मोकळी झाले. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आली आणि २०२० साली तिचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली. मनातली गोष्ट बदलायला आणखी किती लागतील, कोण जाणे.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी यांना बरोबर नेले. हातावर रंग बघायचा नाही, कारण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग सारखा नसतो. जबड्याच्या कडेला, जिथे चेहरा संपून मान सुरू होते, तिथे तीन छटांच्या तीन रेघा ओढल्या. मग दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात उभे राहिलो, आणि लगेच निर्णय न घेता अर्धा तास थांबलो. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक पडतो. फाउंडेशन तर त्वचेच्या तेलात मिसळून थोडे गडदही होते. नुसता गडदपणा जुळूनही भागत नाही. कातडीखालची झाक पिवळसर आहे की तांबूस, तेही जुळावे लागते. तीन रेघांपैकी एक अर्ध्या तासाने सापडेनाशी झाली. "हीच!" हे म्हणाले. "जी दिसत नाही, तीच जुळली."

तीच छटा स्वस्तात शोधायला मात्र फार पायपीट झाली. डोंबिवलीतल्या तीन दुकानांत उजळ छटा हव्या तेवढ्या. सावळ्या रंगाला एखाददुसरी, तीही तांबूस. २०१७ साली रिहाना या गायिकेने 'फेंटी ब्यूटी' काढली तेव्हा पहिल्याच दिवशी चाळीस छटा मांडल्या आणि मग इतरांनाही आपले फळे वाढवावे लागले. तरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ते सगळे अजून पोचलेले नाही. अखेर चौथ्या दुकानात ६५० रुपयांच्या एका देशी बाटलीत जुळणारी छटा मिळाली.

आता खरी परीक्षा. ह्यांनी कारखान्याच्या शिस्तीने नियम केले. महागाचा नमुना आणि स्वस्ताचा माल दोन सारख्या डब्यांत काढले. एकीवर 'क', दुसरीवर 'ख'. कोणती कुठली, हे फक्त यांना ठाऊक. आधी दोन्ही कानांमागे लावून दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, पुरळ नाही. मग गणपती उठल्यावर, भाद्रपदाच्या त्या चिकट उकाड्यात, सहा दिवस मुक्ताने एका गालाला 'क' आणि दुसऱ्याला 'ख' लावून लोकल पकडली. कोणता गाल कुणाचा, हे रोज नाणे उडवून ठरे. परीक्षक चौघी : मी, सासूबाई, शेजारच्या इमारतीतल्या वन्सं आणि मुक्ताची मैत्रीण. पाहणी सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेसातला.

सकाळचा निकाल सांगते. सहा दिवसांत एकदाही, चौघींपैकी एकीलाही, दोन गालांतला फरक खात्रीने सांगता आला नाही. वन्सं तेवढ्या छातीठोक म्हणाल्या, "'क' महागाचं. वासावरून कळतंच की!"

संध्याकाळी मात्र फरक पडला. पहिले तिन्ही दिवस 'ख'चा गाल सकाळसारखाच होता. 'क' नाकपुडीच्या कडेला गोळा झाले होते आणि ओढणीलाही लागले होते. चौथ्या दिवसापासून यांच्या सूचनेप्रमाणे दोन्ही गालांवर पातळ पावडर दाबून लावली. त्या तीन दिवसांत फक्त एकदा 'ख' सरस ठरले. दोनदा बरोबरी झाली.

रविवारी चहाबरोबर गुपित फुटले. 'ख' महागाचे होते; आणि सुवासिक 'क' साडेसहाशेचे. वन्संनी विषय बदलला.

म्हणजे महाग वस्तू अधिक चांगली होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आठपट चांगली होती काय? यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एका वेळेला साधारण अर्धा मिलिलिटर लागते. म्हणजे एका बाटलीत साठ वेळा. महागाचे एका वेळेला नव्वद रुपये, स्वस्ताचे अकरा. शिवाय बाटलीवर उघड्या डबीचे एक चित्र असते आणि त्यात आकडा. आमच्या बाटलीवर बारा होता. म्हणजे उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवायची. मुक्ता आठवड्यातून दोनदा लावते, तिची संपेल. माझ्यासारखी महिन्यातून दोनदा लावील तर वर्षात चोवीस वेळा; एकेका वेळेला सव्वादोनशे रुपये, आणि उरलेली अर्ध्याहून अधिक बाटली कचऱ्यात. बाटलीवर उन्हापासून संरक्षणाचा जो आकडा छापतात, त्यावरही विसंबू नये. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. आपण त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो. उन्हाचे क्रीम निराळे लावावेच.

मग घ्यावे की नाही? दिवसभर रंगमंचावर किंवा कॅमेऱ्यापुढे असणारीने, किंवा स्वस्तात जिला आपली छटा मिळतच नाही अशीने, जरूर घ्यावे. त्या बाईला त्या पैशांत आपला स्वतःचा रंग मिळतो, आणि तो महाग नव्हे. बाकीच्यांनी जुळणारी छटा शोधण्यात पायपीट करावी आणि पैसे वाचवावेत. लग्नाच्या दिवशीचे म्हणाल, तर मुक्ताची रंगभूषा करणारी बाई स्वतःची पेटी घेऊनच येणार आहे. आम्ही तिला एकच गोष्ट सांगून ठेवली आहे : रंग मानेशी जुळला पाहिजे.

मुक्ताने यादीतली तिसरी ओळ स्वतःच खोडली.

गेल्या आठवड्यात केळवणाला माईताई आली. मी तिला सगळी हकीकत सांगितली. पदराचे मात्र बोलले नाही. मुक्ता म्हणाली, "मावशी, एक रेघ ओढू? जबड्यापाशी, फक्त एक." माझ्या पोटात धस्स झाले. पण ताईने काय वाटून कोण जाणे, हनुवटी पुढे केली. मुक्ताने बोटाने रेघ ओढली, पसरली, आणि अर्ध्या तासाने तिला खिडकीपाशी आरसा दिला. मावशी-भाचीचा रंग एकच. छटा तंतोतंत बसली होती.

ताईने मान इकडून तिकडे वळवून पाहिले. मग स्वतःचाच पदर घेऊन गालावरून हलकेच फिरवला आणि पदराकडे पाहिले.

"लावलंस का गं खरंच?" ती म्हणाली. "मला तर मीच दिसतेय."