दाद आणि दुरुस्ती

नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावातून केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केले आणि हौसेने लिहिणाऱ्या मराठी कवीला आपली वही पाठवायला एक पत्ता मिळाला. मित्रांच्या बैठकीत वाचली जाणारी कविता आता अनोळखी संपादकाच्या हाती जाऊ लागली. छापून आली तर तोच निकाल आणि तोच सत्कार. नाही आली तर 'साभार परत'. कविता का पसंत पडली किंवा का पडली नाही, हे मात्र कवीला सहसा कळत नसे.

त्याच जळगावात १९०७ मध्ये महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. पेशाने ते डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला आणि ती ऐकून कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ते नाव इतके चिकटले की ठोमरे हे आडनाव आज मुद्दाम सांगावे लागते. या कौतुकाला पुढे सहवासाचीही जोड मिळाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी आणले. तिथला लाडका, हट्टी, हळवा ठोमरे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये भेटतो. सभेतल्या दादेइतकेच त्या घराचेही मोल मोठे होते. १९१८ मध्ये भादली स्टेशनवर रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे होते.

कविसंमेलन भरले त्या वर्षी कवयित्री बहिणाबाई चौधरी याच जळगावात नांदत होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या शेतकरीण बाईंना त्या मंडपात कोणी बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. कवितेची पारख करणारी यंत्रणा कितीही चांगली असली तरी तिच्या दारापर्यंत जे पोहोचते तेवढेच तिला दिसते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

दुरुस्तीची खरी सवय लागली ती पुण्यात. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहाला जमत, आपल्या कविता वाचत आणि एकमेकांच्या ऐकून घेत. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे ही त्यांतली ठळक नावे. मंडळाने काव्यगायनाची प्रथा गावोगाव नेली, त्यामुळे गोड गळ्याला कवितेपेक्षा जास्त गुण मिळू लागले, ही तक्रार तेव्हाही होती आणि ती रास्त होती. प्रल्हाद केशव अत्र्यांनी १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढून या कवींच्या लकबींची विडंबने केली. ज्याचे विडंबन करायचे त्याचा छंद, शब्दांची आवड, ओळ वळवण्याची ढब हे सारे कानात पक्के बसल्याशिवाय विडंबन जमत नाही. त्या अर्थाने तेही बारकाईचे वाचनच होते. दुसरीकडे माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहून वृत्त तपासण्याची शास्त्रशुद्ध पद्धत सर्वांच्या हाती दिली. पुढे १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. दळताना, शेतात राबताना त्यांना सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवली होती. सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली. एका पिढीच्या कवींची टर उडवणाऱ्या याच अत्र्यांनी ते बावनकशी सोने असल्याचा निर्वाळा दिला आणि १९५२ मध्ये निघालेल्या 'बहिणाबाईंची गाणी'ला प्रस्तावना लिहिली. मराठीतला हा बहुधा सर्वांत अचूक निकाल, पण तो ऐकायला कवयित्री उरली नव्हती.

त्यानंतरची तीन दशके 'सत्यकथा'ची. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी नव्या लेखकांना लिहिलेली सविस्तर पत्रे अनेकांना घडवून गेली. पण एकाच मासिकाची अभिरुची हा मापदंड झाला, की त्यात न बसणारे बाहेर राहतात. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या तरुणांनी 'सत्यकथा'च्या अंकाची होळी केली, ती याच रागातून. गंगाधर पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' औरंगाबादहून निघू लागले आणि दलित कवींना त्यांचे जग ओळखणारा संपादक मिळाला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची प्रस्तावना लिहिण्यासाठी विजय तेंडुलकर कवीसोबत गोलपिठा वस्तीत फिरले. ज्या जगाची कविता त्या जगाची भाषा आधी शिकावी लागते, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

दाद आणि दुरुस्ती एकाच हाताने देण्याचे काम गझलकार सुरेश भटांनी केले. उर्दूत शागिर्दाची गझल उस्तादाने तपासून देण्याला इस्लाह म्हणतात. भटांनी ती परंपरा टपालाने चालवली. नवख्यांना ते 'गझलेची बाराखडी' पाठवत आणि त्यांच्या गझला वाचून चुका दाखवत. ही तपासणी किती बारीक असते, हे एका उदाहरणावरून कळते. मतल्यात, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरात, 'मोकळा' आणि 'सावळा' हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, घेतले की 'ळा'च्या आधीचा 'अ' हा स्वर, म्हणजे अलामत, ठरून जातो. मग 'आगळा', 'वेगळा' चालतात, पण 'जुळा' चालत नाही, कारण तिथे 'उ' येतो. कानाला यमक जुळल्यासारखे वाटते आणि शेर मात्र बाद होतो. त्यानंतर लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम. 'गालगागा'च्या सुरुवातीला गुरूच्या जागी एकटा लघु पडला की कितीही सुंदर कल्पना असली तरी ओळ पुन्हा बांधावी लागते. ही कडक शिस्त काहींना जाचली. पण चूक नेमकी कुठे आहे हे कळल्यामुळे कवी ती स्वतः सुधारू शकत असे, आणि 'साभार परत'च्या शिक्क्याने हे कधीच साधले नव्हते. २००३ च्या मार्चमध्ये भट गेले. त्यांच्याकडून शिकलेल्यांनी पुढे कार्यशाळा घेतल्या, मुशायरे भरवले, आणि तिथे आजही नवा शेर आधी तपासला जातो, मग ऐकवला जातो.

अखिल भारतीय साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्याचे चित्र निराळे आहे. दूरदूरच्या गावांहून आलेले कवी, त्यांत शिक्षक, गृहिणी, शेतकरी, निवृत्त कारकून, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतात. आलेल्या कवितांतून निवड आधीच झालेली असते. प्रत्येकाला काही मिनिटे मिळतात, मग टाळ्या, प्रमाणपत्र, एक फोटो, आणि सूत्रसंचालक पुढचे नाव पुकारतो. कवी घडीचा कागद खिशात ठेवून खाली उतरतो, तेव्हा तिसऱ्या कडव्यात काय सैल पडले हे त्याला सांगणारे तिथे कोणी नसते.