तानपुऱ्याची जवारी : मिरजेच्या वाद्यनिर्मितीतील एक न वाटता येणारे काम

तंतुवाद्याच्या घडणीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने एक प्रश्न आरंभीच विचारणे इष्ट होय. वाद्याची कोणती अंगे निरनिराळ्या हातांनी तयार करून मागाहून जोडता येतात, आणि कोणते काम असे वाटून देता येत नाही? अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेल्या विद्युत् गिटारीत दांडी व धड ही स्वतंत्रपणे घडवून स्क्रूंनी जोडलेली होती. तारांखालचे चुंबकीय साधन पोलादी तारेचे कंपन विद्युत्प्रवाहात रूपांतरित करते, आणि हवा हलविण्याचे काम ध्वनिवर्धकाकडे जाते. त्यामुळे एखादा हौशी मनुष्यही लाकडाचे तयार भाग आणून, घासून व रंगवून आपल्या पसंतीची गिटार उभी करू शकतो. मिरजेच्या तानपुऱ्यास हाच प्रश्न लावला असता उत्तर निराळे येते. ते का, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मिरज आज सांगली जिल्ह्यात आहे. १९६० पर्यंत या जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा असे होते. जुनी कागदपत्रे चाळणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. येथील सतारमेकर घराण्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांच्यापासून सांगितली जाते. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी. शस्त्रांची मागणी सरल्यावर तोच हात वाद्यांकडे वळला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि गावातील गायकांची वर्दळ यांमुळे धंद्यास बरकत आली. अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य येथे होते, आणि १९३७ मध्ये त्यांचे दफनही येथेच झाले. जवळच सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणिती चिकित्सा करून १९१० मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. स्वराच्या सूक्ष्मतेविषयीची आस्था या परिसरात केवळ कारागिरांपुरती नव्हती, एवढे यावरून दिसते.

तानपुऱ्याचे पुष्कळसे काम वाटून देता येते आणि दिलेही जाते. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. जाड सालीचे हे फळ महिनोन् महिने वाळवितात, कापतात, पाण्यात भिजवून आतून स्वच्छ करतात आणि तोंडास काठ्यांचा ताण देऊन त्याला हवा तो घेर आणतात. दांडी व तबली तूण जातीच्या हलक्या लाकडाची. तबलीस मध्यभागी किंचित फुगवटा असतो, व ती पातळ करीत असता कारागीर बोटाने ठोकून आवाज पाहतो. सांध्यावर लाकडी पाने बसवितात. नक्षीला पूर्वी हस्तिदंत वापरीत. त्याच्या व्यापारावर कायद्याने बंदी आल्यावर प्लॅस्टिक आले. शेवटी चपड्याचे पॉलिश. ही सर्व कामे डोळ्यांना दिसतात, म्हणून वर्णनेही बहुधा त्यांचीच होतात.

वाद्य येथपर्यंत आले तरी ते तानपुरा झालेले नसते. तारा चढवून छेडल्यास आवाज निघतो, पण कोरडा. गिटारीची तार एका अरुंद कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा तारेच्या दिशेने अत्यल्प वक्र असतो. हा उतार मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढाच असतो. कंप पावणारी तार या उतारास घसटून जाते, आणि प्रत्येक आंदोलनात तिचा स्पर्शबिंदू पुढेमागे सरकतो. घोडी व तार यांमध्ये सुताचा धागा सरकवून या घसटीचे प्रमाण ठरवितात.

याचे भौतिक महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या एका छोट्या निबंधात दाखविले. यंगच्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो, ते उपस्वर निघू नयेत. तार बरोबर मध्यावर छेडल्यास वरच्या सप्तकातील षड्ज उमटू नये. तानपुऱ्यात तो स्पष्ट उमटतो. रामन यांचे स्पष्टीकरण असे की, वक्र माथ्यामुळे तारेचा घोडीवरील दाब प्रत्येक आंदोलनात एकदाच, क्षणिक आघातासारखा पडतो, आणि अशा आघातात सर्वच उपस्वरांचा अंश असतो. तबली व भोपळा त्यांना हवेत पोहोचवितात. नव्याने जन्म देते ती घोडी.

ही वक्रता घडविणे म्हणजेच जवारी लावणे. कारागीर बारीक कानस माथ्यावर एक-दोनदा फिरवितो, तार ताणतो, ऐकतो, पुन्हा सैल करतो. चारही तारांचा झंकार सारखा उतरला पाहिजे. खर्जाची पितळी तार आणि जोडाच्या पोलादी तारा यांची जाडी व ताण भिन्न असल्याने प्रत्येकीखालचा उतार थोडा निराळा ठेवावा लागतो. शिवाय गायकाची पट्टी व आवड पाहावी लागते. कोणास जवारी खुली हवी असते, कोणास गोल. सबब घोडी तयार भागाप्रमाणे अन्यत्र घडवून आणली तरी जवारी त्या एका वाद्यावर, त्याच तारांखाली, कानाने ऐकूनच लावावी लागते.

पुढील अडचण याहून मोठी आहे. जवारी टिकत नाही. तारेच्या घसटीने माथ्यावर बारीक चर पडतात, झंकार मंदावतो व घोडी पुन्हा घासावी लागते. म्हणजे वाद्य विकल्यावरही कारागिराशी संबंध तुटत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने हा संबंध अनावश्यक केला. त्यास जवारी लागत नाही, आणि नव्या तानपुऱ्यांच्या मागणीइतकीच दुरुस्तीची मागणीही जेथे घटते, तेथे शिकाऊ मुलास हात बसण्यापुरत्या घोड्या मिळत नाहीत. २०२४ मध्ये मिरजेची सतार व मिरजेचा तानपुरा यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. त्याने नावाचे रक्षण होईल. जवारी लावणाऱ्याच्या शिक्षणाची तरतूद मात्र निराळीच करावी लागेल.

विद्यापीठीय विभागांना येथे करण्याजोगे एक साधे काम आहे. जवारी लावण्यापूर्वी, लावल्यानंतर व वर्षभराच्या वापरानंतर एकाच घोडीच्या माथ्याचे सूक्ष्म मोजमाप घ्यावे, प्रत्येक वेळी चारही तारांचे ध्वनिमुद्रण करावे, आणि कारागिराने 'आता ठीक' म्हटले तो क्षण नोंदवावा. वक्रता व उपस्वर यांचा संबंध त्यातून आकड्यांत मांडता येईल. त्यासाठी लागणारे तानपुरे बहुतेक संगीत विभागांच्या कपाटांत आधीच पडून आहेत, आणि त्यांतील पुष्कळांची जवारी केव्हाच बसलेली आहे.